बोयटांना विचारून सांगतो

मी लॅबमध्ये कामाला आहे असं आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बाटली घेऊन दारात. विचुंब्यात आम्ही नवीनच राहायला आलो होतो, त्यामुळं मला वाटलं ताक वगैरे असेल. काकूंनी पदराआडून बाटली पुढं केली आणि हळूच म्हणाल्या, "उपाशीपोटीची आहे हं. शुगर बघ जरा." आता काकूंना काय सांगणार, की ही बाटली आमच्याकडं आली तर मी तिच्यात दहा मासे सोडीन आणि चार दिवस बघत बसेन!

कारण माझं काम तेच आहे. पनवेलच्या जरा बाहेर, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब. लोक पाणी आणतात. कुणी कारखान्याचं, कुणी सोसायटीच्या सांडपाण्याचं, कुणी विहिरीचं. खालच्या मजल्यावर मोठी मशिनं आहेत, ती पाण्यात काय काय आहे त्याचे आकडे काढतात. वर काचेच्या टाक्या आहेत, मासे आहेत आणि मी आहे. खालचे लोक पाण्याला विचारतात, बाबा तुझ्यात काय आहे? आम्ही माशाला विचारतो, बाबा तुला कसं वाटतंय? मासा काही फॉर्म भरत नाही. जगतो नाहीतर मरतो, तेच त्याचं उत्तर.

पद्धत सोपी आहे. एका टाकीत तपासायचं पाणी, त्यात दहा मासे. शेजारच्या टाकीत चांगलं पाणी, त्यातही दहा मासे. या चांगल्या टाकीला कंट्रोल म्हणतात. तिथलेच मासे मरायला लागले तर चूक पाण्याची नाही, आपली. चार दिवस खायला काही द्यायचं नाही, ठरल्या वेळी जाऊन मोजायचं. आता मेलेला मासा ओळखणं वाटतं तेवढं सोपं नाही. काही मासे नाटकी असतात, उताणे होऊन पडतात आणि जरा वेळानं उठून फिरायला जातात. म्हणून आधी कल्ला हलतोय का बघायचं, मग काचेच्या कांडीनं शेपटीपाशी हळूच टोचायचं. कल्ला बंद आणि टोचल्यावर पण हू की चू नाही, मग मेला. वेळ लिहायची आणि जाळीनं लगेच बाहेर काढायचा.

मला नकला करायची खोड शाळेपासूनची, त्यामुळं कुठला मासा कसा मरतो तेही मी करून दाखवतो. जेवणाच्या सुट्टीत खालचे केमिस्ट फर्माईश करतात. पण माझा हुकमी एक्का म्हणजे मॅडम. मॅडम म्हणजे माशांच्या खोलीच्या मालकीण. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि दिवसातून चाळीस वेळा एकच प्रश्न, "लिहिलंस का?" मी तो इतका हुबेहूब काढतो की एकदा जिन्यातून नुसतं "लिहिलंस का?" म्हणालो, तर खालचा सिनियर केमिस्ट हातातली पोळी टाकून वहीकडं पळाला.

होळीला सव्वा महिना होता तेव्हा एक काका आले.

खांद्यावर पत्र्याचा डबा, हातात तेलाचा जुना कॅन, जिना चढून दम लागलेला. दारातूनच विचारलं, "माशांचा डाक्टर कोन हाय इथं?"

मी हात वर केला. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. मी हात खाली घेतला.

काका गव्हाणकडचे. वाडवडिलांची मिठागरं होती, मग भात, मग जमिनी गेल्या, आणि उरलं ते खाडीच्या काठाचं एक तळं. खाडीला लागून बांध घालून अडवलेलं. बांधाला लाकडाचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. मोठ्या भरतीला उघाडी वर ओढायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि दार पाडायचं. मग त्या पाण्यात जिताड्याची पिल्लं सोडायची. जिताडा ज्यानं खाल्लाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं नाही खाल्ला त्याला सांगून काय उपयोग.

"गेल्या होलीला सोडली पिल्लं," काका म्हणाले. "तिसऱ्या दिवशी सगली पोटं वर. एक नाय उरला. इतकी वर्सं मी तलं करतो, आसं कदी झालं नाय."

"पाणी कुठून आणलंत? चिखल कुठला?" मॅडमनी विचारलं.

"पानी उघाडीपाशी घेतलं, भरतीचं. चिखल मागल्या अंगाचा, जिथं पिल्लं जास्त मेली तिथला." मग ते स्टुलावर बसले आणि खरं ते सांगितलं. "पोरगा म्हनतो तलं भरून टाकू. भराववाला दारात बसलाय, होली झाली का मातीचे डंपर आनतो म्हनतो. मी म्हनलं, पयलं दाखवून येतो. चांगलं निगालं तर होलीच्या पुनवेच्या उधानाला उघाडी उघडीन. नाय निगालं, तर..."

वाक्य तिथंच सोडून त्यांनी डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबून दाबून घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

आता माझी चूक. मॅडम दोन दिवस बाहेरगावी मीटिंगला गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "सॅम्पल फ्रीजमध्ये ठेव, मी आल्यावर लावू." मी म्हटलं, त्यात काय लावायचंय! काकांचं पाणी टाकीत ओतलं, शेजारी कंट्रोल लावला, आणि दोन्हीत दहा-दहा झेब्रा सोडले. झेब्रा म्हणजे आमचे नेहमीचे मासे, अंगावर निळे पट्टे, बोटाच्या पेराएवढे, टेस्टमध्ये सगळीकडं तेच. कंट्रोलमधले मजेत. काकांच्या पाण्यातले अर्ध्या तासात तोंड वर करून घुटके घ्यायला लागले, आणि चारच्या चहाच्या आत दहाच्या दहा गेले. एवढं जालीम पाणी मी कधी बघितलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला भारी वाटलं. काहीतरी मोठं सापडल्यासारखं. मी फोन उचलला आणि टीव्हीवरच्या बातमीदाराचा आवाज लावला.

"काका, खलास! दहाच्या दहा! ते पाणी नाही, विष आहे विष!"

पलीकडून काका म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी मॅडम आल्या, वही उघडली आणि उभ्या उभ्याच वाचली.

"पाणी कुठलं?"

"खाडीचं."

"मासे?"

"आपले झेब्रा."

"झेब्रा कुठं राहतो?"

"तिसऱ्या टाकीत."

"त्याच्या आधी?"

मी तिसऱ्या टाकीकडं बघितलं. नदी-ओढ्यातला मासा. गोड्या पाण्यातला. मॅडमनी खारेपणा बघायची नळी आणली. ती छोट्या दुर्बिणीसारखी असते. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून आत बघायचं. त्यांनी ती माझ्या डोळ्याला लावली. आतली रेघ समुद्राच्या जवळपास जाऊन बसली होती.

"कंट्रोलमध्ये मीठ होतं?"

"नाही."

"मग तू कशाची टेस्ट केलीस?"

"मिठाची," मी म्हणालो.

"लिही," त्या म्हणाल्या. "आणि त्या माणसाला फोन कर. तुझ्या स्वतःच्या आवाजात."

मी गच्चीवर जाऊन फोन केला. "काका, परवा मी बोललो ते चुकलं. ते मासे तुमच्या पाण्यातल्या विषानं नाही मेले. मिठानं मेले. गोड्या पाण्यातले होते."

"म्हंजे तू नदीचा मासा घेतला आनि खाडीत टाकला."

"हो."

"आनि तो मेला."

"हो काका."

"आनि मंग तू मला फोन केला."

"हो."

"आरं, तुला धरून खाडीत बुडवला आसता तर तू बी मेला आसता! मंग काय लिवलं आसतं, खाडी विषारी?"

फोनवर काकांच्या मागं कुणीतरी बाई खो खो हसल्या. काका मात्र हसले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "तुज्या फोननंतर पोरानं भराववाल्याला हो कलवलं. मी गप बसलो. आता काय तोंडानं नाय सांगू?" मग म्हणाले, "मासे मी आनतो. आमच्या खाडीतले. पर जे काय करायचं ते होलीच्या आत. त्याच्या फुडं मी पन आडवनार नाय, पोराला तसा सबूद दिलाय."

चार-पाच दिवसांनी बापलेक दोघं आले. मुलगा माझ्याच वयाचा, कंटेनर यार्डात कामाला, कानात हेडफोन, आणि वडिलांच्या मागं मोठं पातेलं धरून. पातेल्यावर ओलं जाळं बांधलेलं. आत बोयटं. बोय मासा माहीत असेल, त्याची पिल्लं. रुपेरी, बोटभर, खाऱ्या-गोड्या दोन्हीला सरावलेली. मॅडमनी बजावलं होतं की तळ्याजवळची नकोत, स्वच्छ पाण्यातली हवीत, म्हणून काकांनी लांब खाडीच्या तोंडाशी जाऊन धरली होती. मी जाळं सोडलं आणि पहिल्या मिनिटाला सात बोयटं जमिनीवर. एक मॅडमच्या पर्समध्ये. बोयट उडी मारतं हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण किती मारतं ते लिहिलेलं नसतं. मी आणि काकांचा पोरगा टेबलाखाली रांगत होतो आणि काका वरून सांगत होते, "आरं डोक्याकडून धर! शेपटी धरून कदी कोन हाती लागलंय का?"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. भराववाला. डंपर कधी पाठवू विचारत होता. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, पोराकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "बोयटांना विचारून सांगतो."

"कुणाला?" तिकडून आवाज आला.

"बोयटांना. लॅबमदे आनलीत. चार दिवसात बोलतील."

पोरगा टेबलाखालून म्हणाला, "बाबा, लोकं हसतील."

"हसू दे ना. मासे मेलेले तवा कोन रडलेलं?"

बोयटांना आठवडाभर टाक्यांत रुळू दिलं, वर जाळ्या बांधून. मग नीट टेस्ट लावली. या वेळी कंट्रोलला पण तितकंच खारं, चांगलं पाणी आणि दुसऱ्या जागेचा स्वच्छ चिखल. टाकीच्या तळाला चार बोटं चिखल पसरायचा, त्यावर बशी ठेवायची आणि बशीवर पाण्याची बारीक धार सोडायची, म्हणजे चिखल ढवळत नाही. ही बशी मला फार आवडते. सगळ्या लॅबमध्ये एकच वस्तू अशी आहे जी आमच्या घरात पण आहे. रात्रभर बसू दिलं, दुसऱ्या दिवशी बोयटं सोडली.

पहिला दिवस, सगळी जिवंत. दुसरा, तिसरा, चौथा. दहाच्या दहा. कंट्रोलमध्ये पण दहा. मी टाकीपुढं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"लिहिलंस का?"

"लिहिलं. मॅडम, रिपोर्ट पाठवू? पास."

"पाठव."

मी कॉम्प्युटरपुढं बसलो आणि उठलो. परत बसलो. परत उठलो.

"मॅडम, पण मग तळ्यातले का मेले?"

"कुणी सांगितलं, पाण्या-चिखलानंच मेले? पिल्लं आजारी असतील. पिशवीत जास्त वेळ राहिली असतील. आपल्याला जे विचारलं त्याचं उत्तर आलं."

"आपल्याला तेच विचारलं होतं ना, की का मेले?"

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचा चष्म्याशिवायचा चेहरा मी पहिल्यांदाच बघितला, तो बराच तरुण निघाला. कपाटातून सहा बरण्या काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवल्या. "जाऊन बघून ये. आणि तिथून कुणाला फोन करू नकोस."

मी स्कूटी काढली. ओहोटीची दुपार होती. तळं रिकामं होतं, कडेनं भेगाळलेलं, मधे ओलं. काका आणि पोरगा बांधावर उभे. मी काकांना म्हणालो, "तुम्ही काय काय करता ते सगळं सांगा. मला काहीच येत नाही असं धरून सांगा."

"ते धरायला काय लागतंय?" काका म्हणाले.

मग सांगितलं. आधी तळं सुकवायचं. मग छोट्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, गुडघाभर. मग घरातली सगळी माणसं उतरायची, ओळीनं, एकमेकांचे हात धरून, आणि दोन दिवस चिखल तुडवायचा. भाताच्या चिखलणीसारखा. त्यानं तळ लिंपला जातो, पाणी झिरपत नाही. काकांच्या आजोबांपासूनची रीत. पुनवेला मोठं पाणी घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पिल्लं.

"उतरून बग," काका म्हणाले.

मी पँट दुमडून उतरलो आणि दोन पावलांत मांडीपर्यंत आत. काका हसले आणि स्वतः उतरले. ते चिखलात चालत नव्हते, चिखलाशी काहीतरी ठरवून पुढं जात होते. टाच आधी, मग पाऊल जरा बाहेर वळवायचं, मग उचलायचं. पाय बाहेर येताना आवाजसुद्धा नाही. मी त्यांच्या मागं तस्संच करायला लागलो. टाच, वळव, उचल. हात मागं, मान जरा तिरकी. बांधावर पोरगा हसून लोळायचा बाकी. "बाबा, मागं बघा, तुमी दोन झालाव!"

उघाडीकडून मागच्या अंगाला आलो तसा पायाखालचा चिखल बदलला. वर तपकिरी साय, बोटभर, आणि पाय खाली गेला की काळाकुट्ट. बुडबुडे आले. वास असा, की मी नाकानं श्वास घेणं तात्पुरतं बंद केलं. पाय वर काढला तर डांबरात बुडवल्यासारखा. उघाडीकडचा माझा दुसरा पाय साधा राखाडी होता. मी एका पायावर उभा राहून दोन्ही पायांकडं बघत राहिलो.

"हे काळं आधीपासून आहे?"

काका पुढं गेले होते. उत्तर पोरानं दिलं, हळू आवाजात. "नाय. खाली होतं. गेल्या वर्षी होळीच्या आधी पोकलेन लावला मागच्या बाजूला. मीच आणला, यार्डातल्या ओळखीनं. बाबा नको म्हणत होता. म्हटलं खोल झालं तर जिताडा मोठा होईल." मग हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाला, "भावा, त्यानं झालं का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. त्या पहिल्या फोनवरून शिकलो होतो तेवढं.

परत काकांच्या मागं चालायला लागलो. टाच, वळव, उचल. आणि मधेच थांबलो. लॅबमधली टाकी म्हणजे काय, तळ्याची नक्कलच की. तळ होता, तोच चिखल, तेच पाणी, खाडीचेच मासे. पण मी बशी ठेवून धार सोडली होती, चिखलाला झोपमोड नको म्हणून. इथं पंधरा-वीस पाय दोन दिवस नाचतात. नकलेत सगळं होतं, पाय नव्हते. नक्कल करणाऱ्यानं पायच विसरावेत, याची मला जास्त लाज वाटली.

सहा जागांचा चिखल घेतला. दोन उघाडीकडचे, दोन मधले, दोन मागचे. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आहे पद्धत. चिखल आणि पाणी बाटलीत घेऊन हलवायचं, बसू द्यायचं, वरचं पाणी काढून त्यात मासे. अर्धा तास हलवायचं." मी सहा बाटल्या आळीपाळीनं अर्धा अर्धा तास हलवल्या. पहिल्या बाटलीला गाणं म्हणत होतो, सहाव्या बाटलीला देवाचं नाव घेत होतो.

मॅडमनी आणखी एक अट घातली. काळा चिखल पाण्यातला ऑक्सिजन खातो, त्यामुळं मासा विषानं मेला की गुदमरून, हे कळायला हवं. म्हणून प्रत्येक टाकीत हवेचा पंप, आणि दर वेळी मासे मोजायच्या आधी ऑक्सिजन मोजायचा. आकडे चांगले आले, सगळ्या टाक्यांत सारखेच. मग बोयटं सोडली.

मागच्या अंगाच्या दोन टाक्यांत त्यांनी संध्याकाळपर्यंत उड्या मारणं सोडलं. बोयटानं उडी मारली नाही की समजायचं काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी कांडीनं टोचत गेलो. एकेक. वीसच्या वीस. मधल्या दोन टाक्यांत चार दिवसांत पाच गेली, बाकीची जगली. उघाडीकडच्या दोन्ही टाक्या आणि कंट्रोल, सगळी शाबूत, जाळीला डोकं आपटत. या वेळी मला भारी वाटलं नाही. वाटलं ते असं, की हे मला आता दोन माणसांना सांगायचंय.

फोन नाही केला. त्यांनाच बोलावलं. काका रिकाम्या टाक्यांपुढं उभे राहिले, मग भरलेल्या टाक्यांपुढं. मॅडमनी सावकाश सांगितलं. मागचा चिखल ढवळला की मासे मरतात. न ढवळता चार दिवस मेले नाहीत, पण पाचव्या दिवसाचं आम्ही सांगू शकत नाही. उघाडीकडचा चिखल ढवळला तरी चालतो. मधला धोक्याचा.

"हाय काय ह्यात?" काकांनी विचारलं.

"ते माशाला विचारून कळत नाही. मेला एवढंच तो सांगतो. खोल होतं म्हणजे जुनं असावं. कधीचं, कुठून आलं, सांगता येणार नाही."

"म्हंजे गाडलेलं होतं ते वर काढलं."

पोरगा टाकीच्या काचेला बोट लावून उभा होता. मॅडमनी विचारलं, "तळं खोल कुणी केलं?"

"मी," काका म्हणाले. "मीच बोलवला पोकलेन. हाव सुटली, म्हनलं मोटा मासा होईल."

मी पोराकडं बघितलं. त्यानं काचेवरचं बोट काढलं नाही, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आणि एक," मॅडम म्हणाल्या. "मासा जगला म्हणजे तो खायला चांगला, असं होत नाही. ती तपासणी वेगळी, खालच्या मशिनवर. मासे मोठे झाले की विकायच्या आधी दोन इथं आणायचे."

"म्हंजे तलं ठेवू म्हनता?"

"मी तसं म्हणत नाही. मी फक्त टाक्यांचं सांगितलं."

काका माझ्याकडं वळले. "तू काय म्हनतोस डाक्टर?"

"मी गप्प राहायला शिकतोय, काका."

बोलला तो पोरगाच. "बाबा, मधे बांध घातला तर? मधल्या चिखलाच्या अलीकडून. मागचं अर्धं तसंच सोडायचं, पाय नाय लावायचा. पुढचं अर्धं घ्यायचं."

"आन बांध कोन घालील? होलीला नऊ दिवस हायत."

"मी घालतो."

"पोकलेननं?"

"हातानं."

त्यानं घातला. यार्डातून सुट्टी टाकली, गावातले चार-पाच मित्र धरले, उघाडीकडची माती घमेल्यांनी ओढली. मी रविवारी गेलो तेव्हा मला पण घमेलं मिळालं. छोट्या भरतीला गुडघाभर पाणी घेऊन सगळ्यांनी पुढचं अर्धं तुडवलं. काकांच्या घरच्या बायका माझ्या चालण्याला काय हसल्या! एका काकूंनी विचारलं, "ह्यो आमच्या म्हाताऱ्यासारका का चालतो?"

पुनवेच्या दुपारी, भरती टोकाला आली तेव्हा काकांनी नारळ फोडला आणि उघाडी ओढली. पाणी आत घुसलं, गढूळ, फेसाळ, आणि नव्या बांधाला जाऊन लागलं. भराववाला मोटारसायकल लावून बघत होता. बांधाला मधोमध ओल दिसली. मग ओलीचा ओघळ झाला. पलीकडं काळा चिखल. पोरानं चपला काढल्या आणि उडीच मारली, ओघळावर माती लोटून टाचेनं दाबत राहिला. काका उघाडीची दोरी धरून लांबून ओरडत होते, "टाच! टाचेनं दाब!" ओघळ बारीक झाला, मग थांबला. पोरगा तरी तिथून हलला नाही, पाणी पूर्ण चढेपर्यंत तिथंच उभा.

दुसऱ्या दिवशी पिल्लं सोडली. मी त्याच पाण्याची एक टाकी लॅबमध्ये लावली, पण तिच्याकडं लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीच्या आधी स्कूटी गव्हाणकडं वळवली. पोरगा बांधावर बसलेला, दाढी वाढलेली, हेडफोन नव्हते. काका मागं उभे. पाणी सपाट होतं, त्यावर काही नव्हतं. पोट वर केलेलं काही नाही, पण जिवंतही काही दिसेना.

"गेली का खाली?" मी विचारलं.

पोरानं मूठभर जवळा पाण्यावर भिरकावला. जरा वेळ काहीच नाही. मग एक गोल उठला. मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि मग पाणी एकदम उकळल्यासारखं, फट् फट् फट्.

"हायेत," पोरगा म्हणाला आणि तोंड दुसरीकडं वळवलं.

काकांनी खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला. तिकडून भराववाला तळं भरायचंच बराच वेळ बोलत होता. काका ऐकत होते आणि पाण्याकडं बघत होते.

"नाय," ते म्हणाले. "आजून आर्दं हाय माजं."